रेयॉनमागचा द्रावक : कार्बन डायसल्फाइड माणसाच्या शरीरात काय करतो

रेयॉनचे किंवा व्हिस्कोसचे कापड अंगावर घातल्याने कोणाला विषबाधा होत नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकलेले बरे. कुर्तीच्या लेबलावर 'व्हिस्कोस' असे छापलेले असते तेव्हा ते कापड म्हणजे सेल्युलोज असते, कापसात असतो तोच पदार्थ, आणि ते तयार करताना वापरलेला द्रावक धाग्याच्या धुण्या-वाळवण्यात निघून गेलेला असतो. प्रश्न आहे तो निघून जाऊन कोठे पोहोचतो हा. यंत्रे नीट बंदिस्त नसतील आणि दूषित हवा ओढून घेण्याची सोय अपुरी असेल, तर तो त्या यंत्रांशी पाळीभर उभ्या असलेल्या माणसांच्या फुप्फुसांत पोहोचतो.

या द्रावकाचे नाव कार्बन डायसल्फाइड. कायद्याच्या जुन्या कागदांत तो कार्बन बायसल्फाइड म्हणून सापडतो आणि रसायनाशी रोजचा संबंध असलेली माणसे त्याला नुसते 'सीएस-टू' म्हणतात. त्याच्यामुळे होणारे नुकसान वैद्यकशास्त्राला १८५६ पासून माहीत आहे. तरीही ते पुन्हापुन्हा नजरेतून सुटत आले, याचे एक कारण वैद्यकीय आहे आणि ते समजले की बाकीचा विषय सोपा होतो. या विषाचा स्वतःचा असा वेगळा आजारच नाही. त्याने बाधलेल्या माणसाला हृदयविकाराचा झटका येतो, अर्धांगवायू होतो, पायांना मुंग्या येतात, तो चिडखोर आणि विसराळू होतो, त्याची मूत्रपिंडे निकामी होतात. यांतले प्रत्येक दुखणे साखर, रक्तदाब, विडी-सिगारेट किंवा वाढते वय यांच्या खात्यावर सहज मांडता येते, आणि बहुतेक वेळा तसे मांडलेही जाते.

कार्बन डायसल्फाइड हा रंगहीन आणि पाण्याहून जड द्रव आहे. शुद्ध स्वरूपात त्याला गोडसर वास असतो. कारखान्यात वापरला जाणारा द्रव मात्र गंधकाच्या इतर संयुगांमुळे सडलेल्या कोबीसारखा घाण वास मारतो. तो ४६ अंश सेल्सिअसला उकळतो, म्हणजे साध्या खोलीच्या तापमानालाही त्याची वाफ भराभर होते, आणि ही वाफ हवेच्या अडीचपटींहून जड असल्यामुळे वर निघून न जाता जमिनीलगत आणि खड्ड्यांत साचते. सुमारे ९० अंश तापमानाला तो ठिणगीशिवाय पेट घेऊ शकतो; त्यासाठी वाफेचा गरम पाइपही पुरतो. म्हणून त्याच्या साठ्यावर पाण्याचा किंवा नायट्रोजनसारख्या वायूचा थर ठेवतात. आगीची ही भीती इतकी उघड आहे की कारखान्यातील सुरक्षेचे बरेचसे लक्ष तिच्याकडेच जाते. श्वासावाटे थोडाथोडा जाणारा अंश आवाज करत नाही, आणि नाक काही वेळाने वासाला सरावते, त्यामुळे वास येत नाही म्हणजे हवा स्वच्छ आहे असा निष्कर्ष काढता येत नाही.

व्हिस्कोसची कृती थोडक्यात अशी आहे. लाकडाचा लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवून पिळतात, त्याचा भुगा करून काही काळ मुरवतात आणि मग तो बंद पिंपात कार्बन डायसल्फाइडबरोबर घुसळतात. त्यातून नारिंगी रंगाचा चुरा तयार होतो. तो सौम्य कॉस्टिकमध्ये विरघळवला की काकवीसारखा दाट द्रव मिळतो; त्यालाच व्हिस्कोस म्हणतात. हा द्रव सूक्ष्म छिद्रांच्या चकतीतून गंधकाम्लाच्या कुंडात सोडला की छिद्राछिद्रातून धागा घट्ट होत बाहेर येतो, आणि त्याच क्षणी लगद्याला चिकटलेला कार्बन डायसल्फाइड सुटा होतो. सोबत हायड्रोजन सल्फाइड हा दुसरा विषारी वायूही निघतो. सर्वाधिक बाधा होण्याच्या जागा त्यामुळे दोन आहेत. पिंप उघडून चुरा काढण्याची जागा ही एक, आणि सूतकताईच्या यंत्रांची रांग ही दुसरी. या यंत्रांना काचेची झाकणे असतात, पण धागा तुटला किंवा छिद्रे तुंबली की झाकण वर करून, आम्लाच्या कुंडावर वाकून, हाताने धागा पकडून पुन्हा लावावा लागतो. तेवढी मिनिटे कामगाराचे तोंड नेमके त्या वाफेच्या वाटेवर असते, आणि यंत्र जुने व कुरकुरणारे असेल तर अशी मिनिटे दिवसभरात बरीच होतात. हवेचे सरासरी प्रमाण मोजणारे उपकरण भिंतीवर टांगलेले असेल तर त्याला यातले काहीच कळत नाही.

शरीरात गेलेला कार्बन डायसल्फाइड चरबीत सहज विरघळतो, त्यामुळे मेंदू आणि मज्जातंतू ही त्याची आवडती ठिकाणे ठरतात. घेतलेल्या मात्रेपैकी साधारण १० ते ३० टक्के भाग श्वासावाटे जसाच्या तसा बाहेर पडतो. उरलेल्यावर शरीराची रासायनिक प्रक्रिया होते. खरी इजा या प्रक्रियेतून होते. प्रथिनांमध्ये जे नायट्रोजनयुक्त गट असतात त्यांना हा रेणू चिकटतो आणि डायथायोकार्बामेट नावाची संयुगे तयार होतात. या संयुगांचे दोन गुण घातक आहेत. ती तांबे आणि जस्त यांसारखी धातूंची मूलद्रव्ये पकडून ठेवतात, त्यामुळे त्या धातूंवर चालणारी विकरे, म्हणजे एन्झाइम्स, लंगडी पडतात. डोपामिनपासून नॉरअॅड्रेनॅलिन तयार करणारे तांब्यावरचे विकर हे त्यांतलेच एक. शिवाय ती प्रथिनांच्या शेजारशेजारच्या साखळ्या एकमेकींना कायमच्या जोडून टाकतात.

हा दुसरा गुण पायांच्या मुंग्यांचे कोडे सोडवतो. मज्जातंतूच्या लांब तंतूमध्ये प्रथिनांचे बारीक धागे आधारासाठी असतात आणि ते पेशीच्या मुख्य भागाकडून टोकाकडे संथ गतीने सरकत असतात. वाटेत ते एकमेकांना जोडले गेले की पुढे सरकत नाहीत, त्यांचा गुंता साचतो, तंतू तेथे फुगतो आणि त्याच्या पुढचा भाग हळूहळू मरतो. मज्जातंतू जितका लांब तितकी वाटेत अडण्याची शक्यता अधिक, म्हणून सुरुवात पायांच्या बोटांपासून होते, मग ती पोटऱ्यांकडे चढते आणि नंतर हातांच्या बोटांत येते. दवाखान्यात याची साधी परीक्षा होते. डॉक्टर कंप पावणारा ट्यूनिंग फोर्क रुग्णाच्या पायाच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवतात आणि कंप थांबला की सांगा म्हणतात. बाधा झालेला माणूस फोर्क अजून थरथरत असतानाच 'थांबला' म्हणतो. घोट्याचा झटकाही, म्हणजे हातोडीने ठोकल्यावर पाऊल उडणे, मंद झालेले किंवा नाहीसे झालेले असते. अडचण एवढीच की बरीच वर्षे मधुमेह असलेल्या माणसातही नेमके हेच आढळते.

मेंदूवरच्या परिणामांचा इतिहास विलक्षण आहे. १८४६ मध्ये अलेक्झांडर पार्क्स यांनी रबर उष्णतेशिवाय टिकाऊ करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. त्यात गंधकाच्या क्लोराइडसाठी द्रावक म्हणून कार्बन डायसल्फाइड वापरला जात असे. पॅरिसमध्ये ही कामे लहान, कोंदट खोल्यांत चालत. तेथील मजुरांची दुखणी डॉ. ऑगस्त देल्पेश यांनी १८५६ मध्ये वैद्यक अकादमीसमोर मांडली. त्यात डोकेदुखी होती, अनावर चिडचिड होती, भयानक स्वप्ने होती, आधी वाढलेली आणि मग पार मावळलेली कामेच्छा होती, स्मरणशक्तीचा ऱ्हास आणि पायांतील अशक्तपणा होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील काही रबर कारखान्यांनी खिडक्यांना गज बसवले होते. वेडाच्या झटक्यात मजुराने उडी मारू नये हा त्यामागचा हेतू, असे औद्योगिक आजारांचे अभ्यासक थॉमस ऑलिव्हर यांनी नोंदवले आहे. हवा खेळती करण्यापेक्षा गज स्वस्त पडत असणार. दरम्यान १८८८ मध्ये पॅरिसचे जगप्रसिद्ध मज्जाविकारतज्ज्ञ शार्को यांनी अशाच एका कामगाराला विद्यार्थ्यांसमोर आणून त्याची अवस्था 'हिस्टेरिया' या सदरात घातली. रसायनाने निमित्त दिले, दोष मात्र माणसाच्या प्रकृतीतच होता, असा त्या निदानाचा अर्थ. शार्को यांच्यासारख्या अधिकारी माणसाने असे म्हटल्यावर बाकीच्यांना तो आधार मिळाला, आणि विषबाधा ठरवण्याआधी रुग्णाचा स्वभाव तपासण्याची सवय पुढे बराच काळ टिकली.

आज हवेत शेकडो पीपीएमचे प्रमाण सहसा केवळ अपघातातच असते. (पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत त्या वायूचे किती भाग.) ५०० पीपीएम ही पातळी जिवाला तात्काळ धोका मानली जाते आणि काही हजारांवर माणूस बेशुद्ध पडून दगावू शकतो. चर्चेचा खरा विषय आहे तो ५, १०, २० पीपीएममध्ये दहा-वीस वर्षे काढलेल्या माणसांचा. त्यांच्यात वेडाचे झटके येत नाहीत. हृदयाच्या धमन्या मात्र वेळेआधी खराब होतात.

हे सिद्ध कसे झाले ते पाहण्यासारखे आहे, कारण हृदयविकाराचा झटका आलेल्या एकट्या माणसाकडे पाहून त्याचे कारण कोणालाही सांगता येत नाही. १९६८ मध्ये ब्रिटनमधील व्हिस्कोस कामगारांच्या मृत्यूंच्या नोंदींतून हृदयविकाराचे प्रमाण जास्त असल्याचे दिसले होते. फिनलंडमध्ये स्वेन हेर्नबेर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोच प्रश्न अधिक काटेकोरपणे हाताळला. त्यांनी व्हिस्कोस कारखान्यातील ३४३ पुरुष कामगार निवडले आणि त्यांच्या तोडीस तोड असे ३४३ कामगार कागदाच्या गिरणीतून घेतले. वय, जन्माचा प्रदेश आणि कामातील कष्ट या बाबतींत दोन्ही गट जुळणारे होते. फरक एकच होता, द्रावकाचा. १९६७ पासून पाच वर्षे पाठपुरावा केला तेव्हा हृदयाच्या धमन्यांच्या विकाराने व्हिस्कोस गटात १४ जण दगावले होते आणि कागद गटात ३. हे पाहून संशोधक केवळ निबंध लिहून थांबले नाहीत. १९७२ मध्ये फिनलंडमधील मर्यादा २० वरून १० पीपीएमवर आणण्यात आली, कारखान्यातील हवा सुधारण्यात आली आणि हृदयविकाराचा धोका असलेल्या कामगारांना त्या विभागातून हलवण्यात आले. त्यानंतरच्या काळात दोन्ही गटांतील मृत्यूंचे प्रमाण सारखे होत गेले. आजाराचे कारण काढून घेतल्यावर आजारही मागे हटला, याहून भक्कम पुरावा व्यावसायिक आरोग्याच्या क्षेत्रात क्वचितच मिळतो, आणि या सगळ्या विषयात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हाच अभ्यास.

धमन्यांवरील परिणामांची इतर चिन्हेही आहेत. डोळ्याच्या पडद्यावरील सूक्ष्म रक्तवाहिन्यांना बारीक फुगे येतात; जपानी कामगारांत ते वारंवार आढळले, फिनलंडच्या कामगारांत मात्र कमी. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल वाढते. मूत्रपिंडांतील गाळणीच्या गुच्छांना मधुमेहात होते तशी इजा होऊ शकते. पुरुषांत शुक्राणूंचे आणि कामेच्छेचे, स्त्रियांत मासिक पाळीचे विकार नोंदले गेले आहेत, आणि गर्भवतीने या विभागात काम करू नये असाच सल्ला दिला जातो. डोळ्यांची आग होऊन प्रकाश सहन न होणे हे कताई विभागातील जुने दुखणे मात्र मुख्यतः सोबतच्या हायड्रोजन सल्फाइडमुळे होते.

एकदा कळलेली गोष्ट दुसऱ्या देशात नव्याने कळावी लागते, याचा दाखला दक्षिण कोरियात आहे. सोलजवळ नामयांगजू येथे वोनजिन रेयॉन हा कारखाना होता. त्याची यंत्रे जपानच्या तोरे कंपनीने वापरून झालेली, १९६० च्या दशकात कोरियात आणलेली होती. कामगारांना वाचा जाणे, अर्धे अंग लुळे पडणे, स्मृती जाणे असे त्रास होत राहिले. पक्षाघात वृद्धांना होतो तसाच हा, अशी समजूत घरच्यांनी आणि डॉक्टरांनी करून घेतली, पण लुळे पडणारे बरेच जण ऐन उमेदीतले होते. १९८८ मध्ये हे प्रकरण वृत्तपत्रांतून बाहेर आले आणि पुढची काही वर्षे कामगारांनी व त्यांच्या कुटुंबीयांनी आंदोलन चालवले. १९९३ मध्ये कारखाना बंद झाला. विषबाधित म्हणून अधिकृत मान्यता मिळालेल्यांची संख्या कालांतराने ९०० च्या वर गेली. त्यांच्यासाठी उभ्या राहिलेल्या निधीतून व्यावसायिक आजारांचे एक रुग्णालय निघाले. आणि ती यंत्रे? ती भंगारात गेली नाहीत. चीनमधील दानदोंग येथील कारखान्याला विकली गेली.

कोरियाच्या अनुभवातून आणखी एक गोष्ट समजली. नोकरी सोडल्यावर श्वासातील विष थांबते, पण बिघडलेल्या धमन्या आणि मेलेले तंतू तसेच राहतात. पायांच्या बधिरतेत थोडी सुधारणा होऊ शकते, तीही संथ आणि बहुधा अपुरी. पक्षाघात किंवा मूत्रपिंडाचा विकार मात्र काम सोडून वर्षे उलटल्यावरही समोर येऊ शकतो.

महाराष्ट्राचा या विषयाशी सरळ संबंध आहे. कल्याणजवळ शहाड आणि मोहने या परिसरात रेयॉनचा उद्योग विसाव्या शतकाच्या मध्यापासून उभा राहिला आणि त्याने कित्येक कुटुंबांना दोन पिढ्या पोसले. दुसरा संबंध अनपेक्षित आहे. नाशिक-सांगलीच्या द्राक्ष निर्यातदारांना प्रयोगशाळेच्या अहवालात 'सीएस-टू' अशी नोंद दिसते, आणि आपल्या बागेत हे रसायन कधी आले असा प्रश्न पडू शकतो. ते फवारलेले नसते. मॅन्कोझेबसारखी बुरशीनाशके डायथायोकार्बामेट गटातील आहेत, म्हणजे वर सांगितलेल्याच संयुगांच्या नात्यातील, आणि त्यांचे अवशेष मोजताना ती आम्लात फोडून निघणारा कार्बन डायसल्फाइड मोजतात. त्या आकड्यावरून व्हिस्कोस कामगारासारखी बाधा होईल असे समजण्याचे कारण नाही. दारू सोडवण्यासाठी दिले जाणारे डायसल्फिराम हे औषधही शरीरात याच वाटेने तुटते.

कामाच्या जागी किती प्रमाण चालेल, यावर देशोदेशीचे नियम एकमेकांशी जुळत नाहीत. आठ तासांच्या सरासरीसाठी अमेरिकेच्या कायद्यातील मर्यादा २० पीपीएम आहे, युरोपीय संघाची ५, तर अमेरिकेतील औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेने २००६ मध्ये सुचवलेली १. भारताच्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या अनुसूचीत ती १० होती. १० पीपीएमला पायांच्या नसा धडधाकट राहतात असे म्हणता येत नाही. संवेदनवहनाचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर याहून कमी प्रमाणातही बदल दिसले आहेत. कारखान्याशेजारच्या वस्तीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने चोवीस तासांच्या सरासरीला घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम ही मार्गदर्शक पातळी दिली आहे, आणि वासाचा उपद्रव टाळायचा तर अर्ध्या तासाच्या सरासरीला २० मायक्रोग्रॅम.

हवा मोजण्याबरोबरच माणूसही मोजता येतो. कार्बन डायसल्फाइडचा काही अंश शरीरातील ग्लुटाथायोनशी जोडला जाऊन टीटीसीए नावाच्या संयुगाच्या रूपाने लघवीत उतरतो. पाळी संपताना घेतलेल्या नमुन्यात त्याचे प्रमाण पाहिले की त्या दिवशी शरीरात किती गेले याचा अंदाज येतो, आणि त्वचेतून गेलेला भागही त्यात धरला जातो, जो हवेच्या मोजणीत सुटतो. नमुना देणाऱ्याने आदल्या दिवशी भरपूर कोबी खाल्ला असेल तर आकडा थोडा वाढू शकतो, हे तपासणाऱ्याने लक्षात ठेवावे.

बचावाचे उपाय रसायनशास्त्रापेक्षा लोहारकामाचे अधिक आहेत. कताईची यंत्रे पूर्ण झाकणे, झाकण उघडताच हवा आत ओढली जाईल असा दाब ठेवणे, ओढलेल्या हवेतील द्रावक कोळशाच्या थरात अडवून परत वापरणे आणि धागा तुटण्याचे प्रमाणच कमी करणे, हे त्यातले मुख्य. चेहऱ्यावरचा मास्क शेवटचा. साध्या कापडी किंवा धुळीच्या मास्कमधून ही वाफ बिनदिक्कत आरपार जाते. सेंद्रिय वाफेसाठीचा कॅनिस्टर लागतो आणि तोही ठरलेल्या वेळी बदलावा लागतो. ठेकेदारामार्फत पिंपे आणि नळ्या साफ करायला येणाऱ्या माणसांकडे तो असतोच असे नाही, आणि त्यांची वैद्यकीय तपासणी कोणाच्या यादीत धरायची हेही अनेकदा ठरलेले नसते. द्रावकच बदलणे हा मुळातला उपाय. लायोसेल नावाने मिळणारा धागा कार्बन डायसल्फाइडशिवाय, वेगळ्या आणि जवळजवळ पूर्ण परत मिळवता येणाऱ्या द्रावकात तयार होतो.

कारखाने अधिनियमाने कार्बन डायसल्फाइडची विषबाधा सरकारला कळवणे बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत घातली होती. पण कळवणार कोण? रुग्ण कारखान्याच्या दवाखान्यात न जाता गल्लीतल्या डॉक्टरांकडे किंवा हृदयरोगतज्ज्ञांकडे जातो आणि तेथे 'काय काम करता' या प्रश्नाला 'कंपनीत' एवढेच उत्तर मिळते. विभाग कोणता, किती वर्षे, पिंपावर की कताईवर, हे सांगितल्याशिवाय हा संबंध जुळत नाही. काम सोडल्यावर काही दिवसांत लघवीतील टीटीसीए नाहीसा होतो आणि मग जुनी बाधा दाखवणारी कोणतीही रक्त-लघवीची तपासणी उरत नाही. उरतात ती हजेरीची, विभागबदलाची आणि भविष्यनिर्वाह निधीची कागदपत्रे. ज्यांनी अशा विभागांत नोकरी केली आहे त्यांनी ती निवृत्तीनंतरही सांभाळून ठेवावीत आणि पायांना मुंग्या, छातीत दुखणे किंवा अचानक बोबडी वळणे यांसाठी डॉक्टरांकडे जाताना बरोबर न्यावीत.